ओसरीवरची इंजिने

आमच्या ओसरीवर तीन इंजिने उभी आहेत असे सांगितले, की परगावच्या पाहुण्यांच्या डोळ्यांपुढे आगगाडी येते. वडीगोद्रीला रेल्वे नाही, त्यामुळे त्यांचा गोंधळ आणखीच वाढतो. मग मी त्यांना हाताला धरून ओसरीवर नेतो आणि गोणपाट बाजूला सारून दाखवतो. पाहुणा वयस्क असला तर त्याचा चेहरा एकदम खुलतो. "अरे, हे तर विहिरीवरचं इंजिन!" असे म्हणून तो चाकावर हात ठेवतो, गोठ्यातल्या बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा. पाहुणा तरुण असला तर विचारतो, "काका, हे चालू होतं का?" ते चालू करून दाखवले, की विचारतो, "पण ह्याचं करायचं काय?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर हँडल मारून देता येते. दुसऱ्याचे जरा लांबचे आहे.

बैलांची मोट गेली आणि विजेची मोटार आली, ह्या दोहोंच्या मधल्या काळात आमच्या भागातल्या विहिरींवर ऑइल इंजिनांचे राज्य होते. जुनी माणसे त्याला अजूनही 'क्रूड इंजिन' म्हणतात. १९७२ च्या दुष्काळानंतर भूविकास बँकेच्या कर्जावर कितीतरी घरांत ते आले. कर्ज फिटले की नाही हा विषय कोणी काढत नाही. पण इंजिन कोणत्या साली आले ते मात्र लग्नाच्या तिथीसारखे सगळ्यांच्या ध्यानात असते. जालना जिल्हा झाला १९८१ साली. माझ्या ओसरीवरची दोन इंजिने जिल्ह्यापेक्षा वयाने मोठी आहेत.

माझ्या लहानपणी ह्या राज्याची अखेर चालू होती. पण थंडीतली एक गोष्ट मला चांगली आठवते. इंजिन तापू नये म्हणून पंपाच्याच पाण्याची एक बारीक धार त्याच्या अंगातून फिरवलेली असे आणि ती दुसऱ्या बाजूने ऊन होऊन बाहेर पडे. पौषात गव्हाला पाणी चालू असले, की आम्ही पोरे त्या धारेखाली बसून असू. घरी आंघोळीच्या पाण्यासाठी सरपण मोजून मिळे. इथे मात्र वाहते ऊन पाणी, तेही फुकट! शिवारातल्या प्रत्येक इंजिनाचा आवाज निराळा. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या माणसे सांगत, की अमक्याचे बंद पडले, तमक्याचे तेल संपत आले.

मी शाळेत हस्तव्यवसाय शिकवतो आणि उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या पुढे गेले नाही आणि तेवढ्यात लोखंडाचा धडा नव्हता. हा छंद मला लागला तो २०१२-१३ च्या दुष्काळात. त्या वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. दहा-बारा वर्षे लेकरासारखी वाढवलेली झाडे लोकांनी तोडून सरपणाला घातली. बाग गेली तशी बागेची अवजारे निघाली. महामार्गावरच्या भंगाराच्या काट्याकडे रोज एखादा टेम्पो जाई, आणि त्यात फवारे, नळ्या, पंप ह्यांच्या खाली कुठेतरी एखादे इंजिन पाय वर करून पडलेले असे. तिथून ते ओतशाळेत नाहीतर जालन्याला जाई. जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या भंगारावर पोसलेल्या आहेत. एका बाजूने मोडके लोखंड आत जाते, दुसऱ्या बाजूने सळई बाहेर येते. त्यात गैर काहीच नाही. माझ्या घराच्या छतात तीच सळई आहे. तरी एक दिवस मी टेम्पो थांबवला आणि आतले एक इंजिन काट्याच्या भावाने उतरवून घेतले.

इंजिनाचे अंग ओतीव लोखंडाचे, म्हणजे बिडाचे असते. गोदावरी ओलांडली की आमच्याकडून बीड जिल्हा लागतो, त्यामुळे "गुरुजींनी बीड विकत घेतलं" हा विनोद गावात बरेच दिवस चालला. आमच्या घरी ही मात्र हिशेबाची पक्की आहे. रद्दीवाल्याने माझ्या कादंबरीच्या उरलेल्या प्रती ज्या भावाने नेल्या, त्याच्या दुपटीहून अधिक भाव भंगारवाला बिडाला देत होता. "कादंबरीपरीस इंजिनात राम आहे," असे ती म्हणाली आणि ओसरी मोकळी करून दिली. तेव्हापासून आजवर एकोणीस इंजिने ह्या ओसरीवर आली आणि सोळा गेली.

आलेले इंजिन बहुधा जाम असते. दट्ट्या नळकांड्यात गंजून बसलेला असतो आणि धुराच्या नळीत कुंभारमाशीने मातीचे घर बांधलेले असते. अशा वेळी घाई केली तर लोखंड तडकते. नळकांड्यात रॉकेल आणि तेल ओतायचे आणि आठ दिवस त्याच्याकडे पाहायचेसुद्धा नाही. नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडीने हलकेच सांगून पाहायचे. ऐकले तर ठीक, नाहीतर पुन्हा आठ दिवस. अंबडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी मला हे शिकवले. ते म्हणत, "गुरुजी, पोराला मारून गणित येतं का? मग ह्याला कसं येईल?" शाळेत हे वाक्य माझ्या फार उपयोगी पडले आहे.

दट्ट्या सुटला, झडपा घासून झाल्या, कड्या बदलल्या, की मग इंजिन चालू करण्याचा मुहूर्त. ह्या इंजिनात ठिणगी नाही, बत्ती नाही. नळकांड्यात कोंडलेली हवा दाबून दाबून पंधरा-सोळा पट लहान केली, की ती स्वतःच इतकी तापते, की तीत उडालेला तेलाचा फवारा आपोआप पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल ह्या जर्मन इंजिनियरची ही करामत. त्याचे पहिले यशस्वी इंजिन १८९७ सालचे. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात ह्या जातीचे एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते. शेंगतेलाचा आजचा भाव पाहता आपण तो प्रयोग न केलेला बरा! डिझेल स्वतः १९१३ साली इंग्लंडला निघाला असता रात्री बोटीवरून नाहीसा झाला. काय झाले ते कोणालाच उलगडले नाही.

पण हवा दाबायला सुरुवातीला माणसाचाच दंड लागतो. दाब सोडायची कळ वर करायची, हँडल अडकवायचे आणि चाकाला वेग द्यायचा. हँडल धरताना अंगठा मुठीत घ्यायचा नाही, तो बोटांच्याच बाजूला ठेवायचा. इंजिन उलटे फिरले तर मनगट वाचते. चाक गरगरू लागले, की कळ खाली. एक क्षण चाक अडखळते, आता राहिले असे वाटते, आणि मग पहिला ठोका पडतो. त्याच्यामागून दुसरा. धुराचे काळे वर्तुळ ओसरीच्या वर जाते, शेजारची कोंबडी पळतात, आणि आमच्या घरची भांडी मांडणीत किणकिणू लागतात. ह्या आनंदापुढे मला छापून आलेल्या कादंबरीचा आनंद थोडा फिकाच वाटतो.

जुन्या इंजिनाच्या अंगावर पितळी पाटी असते. ती घासून वाचणे हा माझा आवडता उद्योग. दोन मोठ्या चाकांची, सावकाश चालणारी इंजिने मुळात इंग्लंडातल्या डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीची. १९३० च्या सुमारास निघालेला हा नमुना इतका साधा आणि टिकाऊ, की पुढे राजकोटच्या कारागिरांनी त्याच्या नकला करून देशभर पोचवल्या. मिनिटाला साडेसहाशे फेरे आणि दोन फेऱ्यांना एक ठोका, म्हणजे सव्वातीनशे ठोके. साताऱ्याच्या कूपरांची इंजिनेही भेटतात. त्यांचे मालक सर धनजीशा कूपर १९३७ साली काही महिने मुंबई इलाख्याचे मुख्यमंत्री होते, हे मी मुलांना मुद्दाम सांगतो.

आणि किर्लोस्करांची तर सगळीकडे. लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही एके काळी मुंबईत शिक्षकच होते. शिक्षकी सोडून ते बेळगावी सायकलींच्या दुकानाकडे वळले. १९०३ साली त्यांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते ह्या समजुतीने दोन वर्षे तो जवळजवळ कोणी घेतला नाही. १९१० साली औंध संस्थानच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि पुण्याजवळचा ऑइल इंजिनांचा कारखाना १९४६ सालचा. ह्याच घराण्याने १९२० पासून मासिकेही चालवली. 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ह्यांचे दिवाळी अंक आणि शेतातले इंजिन एकाच नावाने यावे, असे दुसऱ्या कोणत्या मुलखात घडले असेल असे मला वाटत नाही. कादंबरीकाराने इंजिने दुरुस्त करण्यात विचित्र काही नाही, हे मी हिला ह्याच पुराव्यावर पटवतो.

दुरुस्त झालेले इंजिन मी विकतो. पुष्कळांना हे खटकते. इतके राबून केले, मग ठेवत का नाही? पण ओसरीवर झाकून ठेवलेले इंजिन पुन्हा जाम होते. त्याला काम पाहिजे. शेतात विजेचा खांब न पोचलेले, कालव्यावरून पाणी घेणारे, वीटभट्टीवाले, एखादा फार्महाऊसवाला पुणेकर, असे माझे गिऱ्हाईक. आता सौर पंप आले आहेत. २०२४ पासून सरकारची 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनाही आहे. काचेच्या फळ्या माळावर गुपचूप उभ्या राहून पाणी काढतात. शेतकऱ्याला रात्री-बेरात्री विजेची वाट पाहत विंचूकाट्यातून जावे लागत होते, ते ह्याने टळेल, आणि ते फार चांगले होईल. माझे गिऱ्हाईक कमी होईल, तेवढेच.

गेल्या वर्षी माझा एक जुना विद्यार्थी निरोप घेऊन आला. नदीकाठच्या गावी त्याची मावशी राहते. "गुरुजी, मावशीच्या विहिरीत एक इंजिन आहे." मला वाटले, त्याला विहिरीवर म्हणायचे असेल. पण व्याकरण बरोबर होते.

हे जरा समजावून सांगितले पाहिजे. काठावरचा पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो. खरे म्हणजे बाहेरची हवा ते वर ढकलते. तिचे बळ मोजके आहे. पाणी पंपाच्या खाली वीस-बावीस फुटांपर्यंत असले तर ठीक. त्याहून फार खाली गेले, की इंजिन कितीही दांडगे असो, पाणी चढत नाही. पाणी खाली गेले तेव्हा शेतकऱ्याने काय केले? विहिरीच्या भिंतीत ओटा कोरला आणि पंपाबरोबर इंजिनही खाली उतरवले. आणखी पाणी गेले, आणखी खालचा ओटा. जुनी विहीर पाहिली, की ह्या ओट्यांवरून पाणी कोणत्या काळात कुठे होते ते वाचता येते. पण काठावरचा धूर वाऱ्यावर जातो, विहिरीतला विहिरीतच साचतो. त्या धुराबरोबर बिनरंगाचा, बिनवासाचा एक विषारी वायू असतो. इंजिन बंद करायला उतरलेली माणसे वर आलीच नाहीत, अशा हकिगती ह्या भागातल्या जुन्या माणसांकडून कितीदा तरी ऐकायला मिळतात.

मावशीचे यजमान त्यातले. १९८७ चा उन्हाळा. इंजिन दुसऱ्या ओट्यावर होते. त्या दिवसानंतर ते कोणी चालू केले नाही आणि कोणी वरही काढले नाही. पुढे मुले मोठी झाली, दुसऱ्या बांधाला बोअर घेतला, विहिरीत उंबर उगवला. भंगारवाले कितीदा तरी येऊन गेले. मावशीने त्यांना बांधावरूनच परत पाठवले. आता मुलाला तिथे घर बांधायचे होते आणि विहीर बुजवायची होती.

मावशीने मला चहा दिला आणि स्वतः उंबऱ्याच्या आत उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, तुमी इंजिनं जिती करता म्हणं. ह्ये न्या. पैसं नगं. पर भट्टीत घालू नका. अन् पुन्हा कुनाच्या हिरीत नगं."

मी होय म्हणालो. पहिली अट तर माझीच होती. दुसरी किती अवघड आहे, ते मला नंतर कळले.

इंजिन वर काढायला अर्धा दिवस लागला. आधी दोरीला कंदील बांधून तळापर्यंत सोडला आणि तो जळत राहिला, तेव्हाच गडी उतरले. चाके सोडवून वेगळी काढली, मग तिपाईला चेनकप्पी लावून तीन क्विंटलांचे धूड हळूहळू वर आले. पाटी नव्हती, घडण लिस्टरच्या नमुन्याची. त्याच्यामागून धुराची नळी वर काढली, आणि ती पाहून मी थबकलो. ती मुळातली आखूड नळी नव्हती. यजमानांनी तिला नळीला नळी जोडत वर आणले होते. निरनिराळ्या जाडीचे पाच तुकडे, प्रत्येक जोडावर तारेने करकचून आवळलेला पत्रा. धूर काठाबाहेर जावा अशी त्यांची खटपट चाललेली होती. काठापासून सात-आठ फूट खाली शेवटचा तुकडा संपत होता. मुलाने ती नळी बाजूला नेऊन ठेवली. मावशी घरातून बाहेर आली नव्हती.

त्या इंजिनावर मी पाच महिने काम केले. झाकण उघडले तर आत आणखी एक गोष्ट सापडली. झाकणाखालचे गॅस्केट बाजारचे नव्हते. तांब्याच्या पत्र्यातून हाताने कापलेले होते. कडेला जुन्या घंगाळाचा वळ अजून दिसत होता. कापणी इतकी नेटकी, की मी शाळेत दहा मुलांना ती दाखवली. तांबे दाबाखाली कडक होते, पण लालसर तापवून पाण्यात टाकले, की पुन्हा मऊ पडते. मी तसेच केले आणि तेच गॅस्केट परत बसवले. दट्ट्याच्या कड्या आणि नोझल नवे घालावे लागले. एका रविवारी सकाळी तिसऱ्या हँडलला ते चालू झाले. ठोका थोडा जड पण एकसारखा होता.

गिऱ्हाईक लगेच आले. पहिल्याला ते विहिरीसाठीच हवे होते. दुसरा म्हणाला कालव्यासाठी. पण त्याच्या रानात विहीरही होती, आणि कालवा आटला, की उन्हाळ्यात इंजिन कुठे जाणार हे सांगायला ज्योतिषी नको. तिसऱ्याने माझ्या तोंडावर सांगितले, "गुरुजी, विकल्यावर ते माझं." त्याचे म्हणणे कायद्याने बरोबर होते. म्हणून मी त्याला विकले नाही. आमच्या घरी ओसरीचे भाडे कोण देणार हा प्रश्न निघाला. सहा महिने इंजिन गोणपाटाखाली राहिले. दर रविवारी मी ते दहा मिनिटे चालवी, आणि शेजारी घड्याळ लावून घेत.

शेवटी ते घेतले शहागडच्या बाजूला महामार्गालगत रसवंती टाकणाऱ्या एका पोराने. त्याचे विजेचे भांडण होते, आणि त्याला आवाजही हवा होता, म्हणाला, "इंजिनाचा आवाज आल्याबिगर गाडीवाला थांबत न्हाई." मी सोळा हजार घेतले. चेनकप्पीचे भाडे, मजुरी, कड्या, नोझल मिळून माझे साडेअकरा गेले होते. उरले ते मी मावशीच्या मुलाकडे दिले. त्याने दोनदा नको म्हटले.

रसवंतीला इंजिन छान शोभते. मोठा पट्टा, त्याने फिरणारे लाकडी लाटणे, चाकाला घुंगरे. इंजिनाचे ठोके आणि घुंगरे ह्यांचा ताल सहज जमतो. थंडाव्यासाठी शेजारी पाण्याचे पिंप ठेवले आहे. त्याला पंप लागत नाही. तापलेले पाणी हलके होऊन वरच्या नळीने पिंपात येते आणि गार पाणी खालच्या नळीने आपण होऊन आत जाते.

ह्या फाल्गुनात नाथषष्ठीला मावशी गावातल्या बायांबरोबर पैठणला निघाली होती. मुलाने गाडी रसवंतीपाशी थांबवली. गव्हर्नरची स्प्रिंग सैल पडल्याचा निरोप आला होता, म्हणून मीही तिथेच होतो. बाया बाकावर बसल्या. मावशी बसली नाही. ती इंजिनाच्या समोर, चार हात अंतरावर उभी राहिली आणि बराच वेळ पाहत राहिली. मग तिने धुराच्या नळीकडे पाहिले. नळी छपरातून सरळ वर गेली होती. तिची नजर टोकापर्यंत जाऊन आली.

"ह्याला पानी कुठून हाय?" तिने पोराला विचारले.

त्याने पिंप दाखवले. तिने त्यात वरून बोटे बुडवली. "ऊन हाय," ती म्हणाली. पोर म्हणाले, "मावशी, थंडीत आम्ही ह्येच्यातच भांडी धुतो." तिने बर्फ न घातलेला एक पेला रस घेतला, उभ्या उभ्याच, आणि पैसे पुढे केले. पोराने हात जोडले. तेव्हा तिने त्याला दटावले, की धंद्याला बसलास तर पैसे घ्यायला शिक, आणि नोट गल्ल्यावर ठेवून गाडीत जाऊन बसली.

गाडी गेल्यावर आम्ही इंजिन बंद केले. मी स्प्रिंग बदलली. पट्टाही बोटभर सैल झाला होता, तो आवळून दिला.